चार एसमधले दोघे

सनोबर, तुझा प्रश्न रात्री अकराला पोचला,
आवाजी निरोप, मागे मिक्सरची घरघर:
"मामू, तिसरा मजला पुरता भरला नसताना
इलेक्ट्रॉन चौथ्यावर का जातो?"

मला विचारलंस ते बरं केलंस.
दापोलीला केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालो, सेकंड क्लास,
आणि गेली नऊ वर्षं जुबैलच्या कँपात
माणसांना खाटा वाटतो.

एस म्हणजे एका खाटेची खोली.
पी तीन खाटांची, डी पाच.
एफ सातची, ती नंतर बघू.
एका खाटेवर दोघं.
हो, दोघं: एक डे शिफ्टचा, एक नाइटचा,
एकमेकांच्या उलट फिरणारे, म्हणून निभतं.
दोघेही डेचे निघाले तर मला दुसरी खाट शोधावी लागते.
हा कंपनीचा नियम नव्हे, पाउलीचा.

नवे तिघे पी खोलीत आले, त्या दिवशी नायट्रोजन होता.
कुणी कुणाशी बोललं नाही.
ज्यानं त्यानं आपली खाट धरली,
बॅग उशाशी, चपला खाली, तोंडं एकाच दिशेला.
चौथा आला, ऑक्सिजन,
तेव्हा कुठे एकाला सरकावं लागलं.
जागा असेतो कुणी खाट वाटून घेत नाही.
हा हुंडचा नियम. हुंड्याचा नव्हे,
आईला सांग, हसेल.

आता तुझं.
तिसऱ्याची डी खोली मोठी, पण पार टोकाला.
चौथ्याची एस एवढीशी, जिन्याला लागून.
चार अधिक शून्य, चार. तीन अधिक दोन, पाच.
बेरीज कमी तिथे ऊर्जा कमी, तिथे आधी.
विष्णू घडशी आणि हसन चौगुले आले
तेव्हा इमारतीला अजून रंगाचा वास होता.
एक वेल्डर, एक मचाण बांधणारा.
त्यांनी न बघताच चार एस घेतली.
पोटॅशियम, कॅल्शियम.
डी त्यानंतर भरू लागली, स्कँडियमपासून, एकेक.
क्रोमियमच्या वेळी एक जण वरून आपणहून खाली उतरला,
पाचही खाटांवर एकेक व्हावा म्हणून.
याचं कारण पुस्तकात अर्ध्या ओळीत आहे.
मला ते कधी पुरलं नाही.

पुढचं तू विचारलेलं नाहीस, तरी ऐक.
कँपाचं फाटक लोखंडी. सव्वीस.
डीत सहा, एसमध्ये दोन.
खारा वारा त्याला रात्रंदिवस चाटतो,
हात लावला की तांबूस पूड.
लोखंड गंजतं तेव्हा आधी कोण जातं?
शेवटी आलेले नव्हेत गं.
चार एसमधले दोघे.
डी भरता भरता खोल बसते,
आणि चौथा मजला अखेर चौथाच,
बाहेरच्या अंगाचा.
मग तिसरा: डीतल्या एकुलत्या दुहेरी खाटेवरचा.

मे महिन्यात यादी आली. वाचायची मलाच होती.
विष्णू म्हणाला, "पण आम्ही तर सगळ्यांच्या आधी आलेलो."
मी कागदाकडे बघत राहिलो.
हसननं किटली खोलीतच ठेवली,
नव्या माणसाला होईल म्हणून.

इथे माझी उपमा फाटते, हे वहीत लिहून ठेव.
इलेक्ट्रॉन खाटेवर निजत नाही.
तो ढग असतो, सापडेल न सापडेल असा.
आणि त्याला नाव नसतं.
कुठला गेला, हे विचारताच येत नाही,
एक गेला, एवढंच.
मला मात्र दोन पासपोर्टांपुढे दोन सह्या घ्यायच्या होत्या,
आणि दोन्ही अक्षरं मी ओळखतो.

तर परीक्षेत लिही: भरताना चार एस आधी,
काढतानाही चार एस आधी.
बेरीज दाखव. बाण नीट काढ, एक वर, एक खाली.
बाकीचं लिहू नकोस, त्याला मार्क नाहीत.

सहा वाजायला आले.
नाइटचा मन्सूर येईल, मला उठायला हवं.
तीन वर्षं आमची एकच खाट,
बोलणं झालंय दोनदा की तीनदा.
गादी कोमट लागते त्याला,
तेवढाच मी त्याच्या ओळखीचा.